घरबसल्या रसिकता

हल्लीं आपल्या सुशिक्षित समाजांत चित्रपटाविषयीं अभिप्राय देण्याची एक नवी तऱ्हा रूढ झाली आहे, आणि ती इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्याविरुद्ध चार शब्द लिहावयाचे म्हणजे लिहिणाऱ्यानें स्वतःस जुनाट म्हणवून घेण्याची तयारी ठेवली पाहिजे. ती तयारी ठेवूनच आम्ही हा लेख लिहीत आहों. गृहस्थ जेवण आटोपून दिवाणखान्यांत कोचावर पाय पसरतात, समोरच्या टीव्हीवर एखादा चित्रपट सुरू होतो, मध्यंतरीं दोनदां फोन वाजतो, एकदां शेजारी किल्ली मागावयास येतात, एकदां गृहस्थांचा डोळा लागतो, आणि दुसऱ्या दिवशीं हेच गृहस्थ कचेरींत, लोकलच्या डब्यांत, लग्नाच्या पंगतींत, आणि संधि मिळाल्यास एखाद्या नियतकालिकांतही, "पाहिला, कांहीं दम नाहीं" असा निकाल देऊन मोकळे होतात. या निकालावर अपील नाहीं. खालच्या कोर्टांतील न्यायाधीशासमोरसुद्धां साक्षीदारास विचारतात कीं, तूं त्या वेळीं कोठें उभा होतास, उजेड किती होता, मध्यें आडोसा काय होता. परंतु चित्रपटाच्या या न्यायसभेंत जो साक्षीदार तोच न्यायाधीश, आणि त्यास उलट प्रश्न करणें हा मात्र शिष्टाचाराचा भंग!

प्रथम आमचें म्हणणें काय नाहीं तें सांगतों, म्हणजे उगाच वाद वाढणार नाहीं. चित्रपट घरीं पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. तेव्हांपासून शेजाऱ्याच्या खोलींत दाटीवाटीनें बसून चित्रपट पाहिलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आहे, आणि तिच्या रसिकतेस त्यामुळें कांहीं बट्टा लागला असें आम्हांस वाटत नाहीं. तालुक्याच्या गांवचें एकुलतें थिएटर बंद पडलेलें, शहरांतील मल्टिप्लेक्सचें तिकीट चौघांच्या कुटुंबास न परवडणारें, आणि मराठी चित्रपटास तेथें मिळालाच तर अडनिड वेळेचा खेळ मिळणारा, अशा स्थितींत "थिएटरांतच जा" हा उपदेश म्हणजे उपाशी माणसापुढें पक्वान्नांची यादी वाचण्यासारखें आहे. तसेंच मत देण्याचा अधिकार पंडितांपुरताच असावा असेंही आमचें म्हणणें नाहीं. समीक्षा म्हणून जें कांहीं आहे त्याचें बीज शेवटीं कोणाच्या तरी सहज उद्गारांतच असतें; पाहून झाल्यावर तोंडून निघालेलें "वा!" किंवा "छे!" हें ज्याच्याजवळ नाहीं त्याच्या पांडित्याचा आम्हांस उपयोग नाहीं.

मग आमची तक्रार कोणती? ती ही कीं, घरीं चित्रपट पाहणारा आपल्या संध्याकाळचा वृत्तान्त सांगतो आणि त्यास चित्रपटाचें परीक्षण असें नांव देतो. "मला कंटाळा आला" हें वाक्य स्वतःविषयीं आहे. "चित्रपट कंटाळवाणा आहे" हें वाक्य दुसऱ्याच्या कृतीविषयीं आहे. पहिल्यास पुरावा लागत नाहीं, दुसऱ्यास लागतो. या दोन वाक्यांमधील अंतर ओलांडण्यास जें थोडें कष्टाचें काम करावें लागतें, तें न करतां पलीकडच्या तीरावर उभें राहून निशाण फडकविणें, याला आमचा विरोध आहे.

कोणी म्हणेल कीं, हा केवळ शब्दांचा खेळ झाला. तो तसा नाहीं. चित्रपट पाहण्याच्या रीतीचा इतिहास थोडा पाहिला म्हणजे हें ध्यानांत येईल. एडिसनचें कायनेटोस्कोप नांवाचें यंत्र १८९४ सालीं लोकांपुढें आलें, तेव्हां चलच्चित्र पाहावयाचें तें एका वेळीं एकानें, पेटीच्या भोकाला डोळा लावून. पुढच्याच वर्षीं, २८ डिसेंबर १८९५ रोजीं, पॅरिसमध्यें ल्यूमिएर बंधूंनीं तें चित्र पडद्यावर पाडून पैसे भरून आलेल्या मंडळींस एकत्र दाखविलें. आणि ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत तें आपल्या देशांत आलें. या पालटांत प्रेक्षकाचें कांहीं गेलें आणि कांहीं मिळालें. हवें तेव्हां डोळा काढून घेण्याची, हवें तेव्हां थांबण्याची त्याची एकट्याची सोय गेली. मिळाला तो काळोख, शेजार आणि आपल्या इच्छेनें न थांबणारा काळ. चित्रपटकला वाढली ती या तीन गोष्टी गृहीत धरून. आज मोबाइल हातांत धरून गादीवर लवंडलेला प्रेक्षक पुन्हां त्या पेटीच्या भोकाशीं येऊन बसला आहे. फरक इतकाच कीं, आतां पेटीची कळही त्याच्याच बोटाखालीं आहे.

या कळीनें काय होतें तें आपल्या पूर्वजांनीं वेगळ्या शब्दांत सांगून ठेविलें आहे. सुमारें हजार वर्षांपूर्वीं काश्मिरांत अभिनवगुप्तांनीं भरताच्या नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका लिहिली. तींत रसास्वादाच्या आड येणारीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांतील एकाचें नांव ‘निजसुखादिविवशीभाव’; म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांच्या इतका अधीन झालेला असणें कीं, समोरच्या वस्तूंत त्याचें मन शिरूंच शकत नाहीं. गॅसचें बिल, मुलाची परीक्षा, सकाळीं साहेबांशीं झालेली बोलाचाली, हीं ज्याच्या डोक्यांत घोळत आहेत त्याला रस कोठून मिळणार? येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या विघ्नावर अभिनवगुप्तांनीं जो उपाय सांगितला तो प्रेक्षकास उपदेश करण्याचा नव्हे. वाद्यें, गायन, सुशोभित नाट्यमंडप, चतुर गणिका, या साधनांनीं प्रेक्षकास त्याच्या घरगुती चिंतांतून उचलून बाहेर काढावें, असें ते म्हणतात. सारांश, नाट्यमंडप हा केवळ ऊन-पाऊस लागूं नये म्हणून घातलेला मांडव नसून, प्रेक्षकाच्या मनावरील तें एक औषध आहे. आतां जो घरीं बसून पाहतो त्याला हें औषध मिळत नाहीं, आणि ज्या चिंतांपासून त्यास दूर न्यावयाचें त्या चिंतांच्या मधोमधच त्याचा कोच मांडलेला असतो. हा त्याचा अपराध नव्हे. परंतु विघ्न पाहणाऱ्याच्या ठिकाणीं असतां दोष पाहिलेल्या वस्तूच्या माथीं मारणें, हा मात्र अपराध आहे.

उदाहरणाशिवाय असले वाद हवेंत राहतात. म्हणून एक मराठी उदाहरण घेऊं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा चित्रपट २०२० सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविला गेला आणि तेथें त्यास उत्कृष्ट पटकथेचें व आंतरराष्ट्रीय समीक्षकसंघाचें अशीं दोन पारितोषिकें मिळालीं. महाराष्ट्रांतील बहुसंख्य प्रेक्षकांपुढें तो आला ३० एप्रिल २०२१ रोजीं, नेटफ्लिक्सवर. त्या दिवसांत महामारीमुळें महाराष्ट्रांतील चित्रपटगृहें बंद होतीं. म्हणजे हिंदुस्थानी ख्यालगायनाच्या साधनेवर रचलेली ही मराठी कृति मराठी माणसानें पाहिली ती जवळजवळ सर्वस्वीं घरांतच, आणि तीही ज्या महिन्यांत घरोघरीं आजार आणि भीति यांनीं ठाण मांडलें होतें अशा वेळीं. निजसुखादिविवशीभावाला याहून मोठें निमित्त तें कोणतें असणार? तरीही "फार संथ", "कांहींच घडत नाहीं", "अर्ध्यावर सोडला" असे निकाल तेव्हां सरसकट ऐकूं आले आणि अजूनही येतात. आणि निकाल देणाऱ्यांपैकीं "दिवसच तसे होते" एवढी तळटीप जोडणारा विरळा.

या चित्रपटांत शरद नेरुळकर नांवाचा तरुण गवई आहे. तो आपल्या गुरूंच्याही गुरु असलेल्या माईंचीं जुनीं ध्वनिमुद्रित प्रवचनें कानांत ऐकत रात्रीं मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकलीवर जातो. चित्र संथ केलेलें आहे, तंबोऱ्याचा सूर चालूं आहे, आणि माई साधनेची कठोर वाट सांगत आहेत. हें दृश्य एकदां येत नाहीं. पुन्हां पुन्हां येतें. ज्यानें तें दिवा लावून, हातांतल्या दुसऱ्या पडद्याकडे अधूनमधून पाहत पाहिलें, त्याला त्यांत "कांहीं घडत नाहीं" असें वाटणें स्वाभाविक आहे; कारण त्या दृश्यांत जें घडतें तें बाहेर घडत नसून, ऐकणाऱ्याच्या मनावर वर्षानुवर्षें बसत जाणाऱ्या ओझ्याच्या रूपानें घडतें, आणि तें ओझें जाणवण्यास वेळच लागतो. तो वेळ दिग्दर्शकानें मोजून दिलेला आहे.

आतां या मोजलेल्या वेळेचें आपण काय केलें तें पाहा. नेटफ्लिक्सनें चित्रपट दीडपट वेगानें चालविण्याची सोय २०१९ च्या ऑक्टोबरांत कांहीं मोबाइलांवर अजमावून पाहिली, तेव्हां जुड अपाटो यांच्यासारख्या अमेरिकन दिग्दर्शकांनीं तिला उघड विरोध केला. तथापि २०२० च्या ऑगस्टपासून ती सोय लोकांच्या हातीं आली. ‘द डिसायपल’ सुमारें १२८ मिनिटांचा आहे. दीडपट वेगानें तो सुमारें ८५ मिनिटांत उरकतो. उरकणें हाच शब्द येथें योग्य. विलंबित ख्याल दीडपट वेगानें वाजविला तर तोच ख्याल कमी वेळांत ऐकल्याचें पुण्य पदरीं पडतें असें कोणताही गाणें कळणारा मनुष्य म्हणणार नाहीं. तो म्हणेल कीं, तुम्ही कांहींतरी भलतेंच ऐकलें. आणि तरीही हाच मनुष्य चित्रपटाची संथ लय पळवून पाहिल्यावर, "मुळांतच लय नव्हती" असें बेधडक सांगूं शकतो!

यावर एक आक्षेप घेण्यासारखा आहे, आणि तो बिनतोड वाटतो म्हणून त्याचें उत्तर दिलें पाहिजे. कादंबरीही आपण घरींच वाचतों, तुकड्यातुकड्यांनीं वाचतों, पानें चाळतों, झोप आली कीं खूण घालून ठेवतों. तरी आपण वाचलेल्या कादंबरीवर बोलण्यास लायक ठरतों. मग चित्रपटाचेंच एवढें सोंवळें कां? उत्तर असें कीं, कादंबरीचा काळ वाचकाच्या स्वाधीन करूनच लेखकानें ती लिहिलेली असते. एक पान दोन मिनिटांत वाचावें कीं दहा, हें लेखक ठरवीत नाहीं आणि ठरवूं शकत नाहीं. चित्रपटाचें तसें नाहीं. कोणतें चित्र किती क्षण डोळ्यांपुढें राहावें हें तेथें रचनेचेंच अंग आहे. संगीतांत मात्रा तसा चित्रपटांत क्षण. म्हणून कादंबरी थांबून वाचणारा कादंबरीच वाचत असतो. चित्रपट थांबवीत, पळवीत, वगळीत पाहणारा त्या चित्रपटाच्या सामग्रींतून स्वतःचा एक निराळा चित्रपट तयार करीत असतो. तो फसला तर त्याचा कर्ता कोण, हें सांगावयास नको.

दुसरा आक्षेप आपल्या म्हणीचा आधार घेतो: शितावरून भाताची परीक्षा. पहिल्या वीस मिनिटांतच कळतें म्हणतात. कळत असेल, भिकार चित्रपट पुष्कळदां पहिल्या पांच मिनिटांतच आपलें स्वरूप प्रकट करतो हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ती म्हण भाताला लागू पडते याचें कारण एका भांड्यांतील सगळीं शितें एकाच आंचेवर सारखीं शिजतात. रचना केलेली वस्तु म्हणजे एकसारख्या शितांचें भांडें नव्हे. आणि भातापुरतें बोलावयाचें तरी, शीत काढून पाहावयाचें तें भात शिजत आल्यावर. तांदूळ वैरल्याबरोबर चिमटींत धरून "कच्चा आहे" असें ओरडणाऱ्या परीक्षकास कोणतीही गृहिणी स्वयंपाकघराबाहेर काढील.

गृहिणीचा विषय निघालाच आहे तर एक परदेशी उदाहरण येथेंच सांगितलें पाहिजे, कारण तें या प्रकरणाच्या मर्मावर बोट ठेवतें. शांताल अकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेनें १९७५ सालीं ‘जीन डिलमन’ हा चित्रपट काढला. तो २०१ मिनिटांचा आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचें ‘साइट अँड साउंड’ हें मासिक दर दहा वर्षांनीं जगांतील समीक्षकांचा कौल घेतें. २०२२ च्या कौलांत हा चित्रपट पहिला आला. त्यांत ब्रुसेल्समधील एका विधवेचे तीन दिवस आहेत. ती अंथरूण आवरते, स्वयंपाक करते, भांडीं घासते, बटाटे सोलते, आणि हें सारें आपणांस पुरतें पाहावें लागतें. त्या कौलानंतर ज्या अनेकांनीं कुतूहलानें तो घरीं लावला त्यांच्यापैकीं कित्येकांची प्रतिक्रिया ठरीव: बाई बटाटे सोलते आहे, यांत पाहावयाचें काय? तोंवर मी चहा करून येतों. आमच्या मतें या उद्गारांत त्या चित्रपटाची सबंध आवश्यकता सांठवलेली आहे. घरांतील जें काम आपण जन्मभर न पाहतां त्याचें फळ तेवढें ताटांत घेतलें, तें काम डोळ्यांसमोर पूर्ण वेळ चालूं राहिलें तर आपण बेचैन होतों आणि उठून जातों. थिएटरांत उठून जाण्यास थोडी लाज वाटते, म्हणून मनुष्य बसून राहतो, आणि बसून राहिल्यामुळें कदाचित् त्याला कांहीं दिसतें. घरीं ती लाज नाहीं. त्यामुळें ज्या घराचें तें चित्र आहे त्या घरांतच तें सर्वांत कमी दिसतें.

याच संदर्भांत "आमच्या घरांत कोणालाच आवडला नाहीं" या अभिप्रायाचाही समाचार घेणें प्राप्त आहे. हें ‘कोणालाच’ म्हणजे कोण? रिमोट ज्याच्या हातांत त्याचें मत बहुधा घराचें मत म्हणून बाहेर जातें. मुलांनीं वीस मिनिटांनंतर दुसरें कांहीं लावावयास सांगितलें. घरांतील बाईनें सुरुवात पाहिली, मधला भाग कुकरच्या शिट्या मोजीत ऐकला, आणि शेवट ती ओटा पुसून येईपर्यंत संपून गेला होता. तिनें पाहिलें तें काय, आणि पुरें पाहिलें असतें तर ती काय म्हणाली असती, हें तिला कोणी विचारलें नाहीं. तिचा मोडका अनुभव ‘कोणालाच’ या एका शब्दांत गुंडाळून नापसंतीच्या बाजूनें मोजला गेला. आपण चित्रपट कसा पाहिला हें प्रत्येकानें प्रामाणिकपणें सांगावें असा आग्रह आम्ही धरतों त्यास हेंही एक कारण आहे. तो वृत्तान्त खरा लिहिला गेला तर चित्रपटाविषयीं नसेल कदाचित्, पण आपल्या घरांविषयीं त्यांतून पुष्कळ शिकावयास मिळेल.

कोणी विचारील कीं, चार माणसांनीं चार शब्द बोलल्यानें बिघडलें कोठें? बिघडतें तें असें. ज्या कंपन्या चित्रपट घरोघर पोंचवितात त्यांचें सारें लक्ष आपल्या या बेपर्वाईकडे आहे. २०२० च्या जानेवारींत नेटफ्लिक्सनें आपल्या भागधारकांस कळविलें कीं, यापुढें एखाद्यानें दोन मिनिटें पाहिलें तरी त्यानें तो चित्रपट निवडला असें मोजण्यांत येईल. तें मोजमाप पुढें बदललें. पण व्यापाऱ्याच्या लेखीं एका काळीं दोन मिनिटें पुरेशीं होतीं हें विसरतां येत नाहीं. पुढें २०२४ च्या अखेरीस ‘एन प्लस वन’ या अमेरिकन नियतकालिकांत विल टॅव्हलिन यांचा एक विस्तृत लेख आला. त्यांत नेटफ्लिक्ससाठीं काम केलेल्या कित्येक पटकथाकारांचा अनुभव दिला आहे: पात्र जें करीत आहे तें त्यानें तोंडानेंही बोलून दाखवावें, म्हणजे दुसरें काम करतां करतां चित्रपट नुसता लावून ठेवणाऱ्यासही कथा समजेल, अशी सूचना त्यांस येते. म्हणजे आपण न पाहतां निकाल देतों, आणि त्या निकालास मान देऊन न पाहणाऱ्यांसाठींच चित्रपट बनूं लागतात. ज्या चित्रपटांत पात्रें गप्प बसतात, ज्यांत एक मनुष्य नुसता ऐकतो आहे हेंच पाहण्यासारखें असतें, त्यांस या बाजारांत जागा कोणती? मराठीसारख्या भाषेंत असले चित्रपट वर्षाकांठीं निघतात किती? त्यांतील एखाद्याचा बळी अशा बेसावध ‘दम नाहीं’ नें गेला, तर तो परत आणण्याची शक्ति कोणत्याही पारितोषिकांत नाहीं.

थिएटरांतला प्रेक्षक मात्र निर्दोष असतो असा समज आम्हीं करून घेतलेला नाहीं. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ सालीं भारतांतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून मोठ्या पडद्यावर आला आणि त्याच पडद्यावर साफ पडला. त्यानंतर गुरुदत्तांनीं दिग्दर्शक म्हणून स्वतःचें नांव दुसऱ्या चित्रपटास लाविलें नाहीं. काळोख, शेजार, न थांबणारा काळ, सगळें असूनही त्या वेळच्या प्रेक्षकानें त्यास नाकारलें. आज तो चित्रपट आदरानें पाहिला जातो. यावरून थिएटर म्हणजे न्याय आणि घर म्हणजे अन्याय असें समीकरण मांडतां येत नाहीं, हें उघड आहे. पण याच उदाहरणाचा दुसरा बोध असा कीं, पडलेल्या चित्रपटास पुढें जो मान मिळाला तो पुन्हां पाहणाऱ्यांनीं दिला. आणि पुन्हां पाहण्याची सोय घराइतकी दुसरीकडे कोठेंच नाहीं. रिमोटच्या ज्या कळीनें चित्रपट पळवितां येतो, तिच्याच शेजारच्या कळीनें तो मागेंही नेतां येतो. एखादें दृश्य समजलें नाहीं तर तें थांबून परत पाहावें, ही चैन थिएटरांतल्या रसिकास कधींही मिळाली नव्हती. ती आपणांस फुकट मिळाली असतां तिचा उपयोग न करतां केवळ पुढें पळविण्याचीच कळ झिजवावी, यांत घराचा दोष कांहीं नाहीं.

आतां पुन्हां ‘द डिसायपल’ कडे वळूं. कारण ज्या प्रश्नाची आपण चर्चा करीत आहों तो त्या चित्रपटांतच येऊन गेला आहे. शरदची भेट ध्वनिमुद्रणांचा संग्रह करणाऱ्या एका जाणत्या गृहस्थाशीं होते. हे गृहस्थ मोठमोठ्या गवयांविषयीं अगदीं सहज, बोलण्याच्या ओघांत, बोचरे शेरे मारीत जातात, आणि त्यांतून माईही सुटत नाहींत. शरदला तें सहन होत नाहीं. तो पेल्यांतलें पाणी त्यांच्या तोंडावर फेकतो. पुढें हाच शरद स्वतःच्या गायनाच्या चित्रफितीखालीं अनोळखी लोकांनीं लिहिलेले शेरे वाचीत बसलेला दिसतो. या दोन प्रकारच्या सहज शेऱ्यांत आम्हांस जमीनअस्मानाचें अंतर दिसतें. संग्राहकाचें बोलणें कटु असेल, कदाचित् अन्यायाचेंही असेल. परंतु त्याच्या पाठीशीं आयुष्यभराचें ऐकणें आहे. तो सहज बोलूं शकतो, कारण त्यानें सहज ऐकलेलें नाहीं. त्याच्याशीं भांडतां येतें, त्याचें म्हणणें खोडून काढतां येतें, आणि शरदला तें जिव्हारीं लागतें याचें कारण तें खरें असण्याचा संभव आहे. दुसऱ्या प्रकारच्या शेऱ्याशीं भांडण करणेंही अशक्य. कारण त्यांत गाण्याविषयीं कांहीं सांगितलेलेंच नसतें.

सहज प्रतिक्रियेचा गौरव आम्हीं आरंभीं केला तो या अर्थानें. ताम्हाणे यांचाच ‘कोर्ट’ हा २०१४ चा चित्रपट घ्या. ज्यानें आयुष्याचीं वीस वर्षें न्यायालयाच्या ओसरीवर तारखा घेण्यांत घालविलीं असा एखादा पक्षकार तो घरीं बसून पाहील आणि म्हणेल, "पुढची तारीख देतांना न्यायाधीश मान वर करीत नाहीं, हें अगदीं खरें." हा उद्गार पांडित्याचा नाहीं, लांबही नाहीं, पण त्या माणसानें चित्रपटाकडे पाहिलें आहे, आणि आपल्या आयुष्याचें माप त्यास लावून पाहिलें आहे. असा एक उद्गार मिळाला तर आम्ही त्याबदल्यांत ताऱ्यांनीं सजलेलीं दहा परीक्षणें देऊं. जीं परीक्षणें लिहून पैसे मिळतात तींही हल्लीं पुष्कळदां घरींच पाहून लिहिलेलीं असतात. तेव्हां आमचा आग्रह केवळ हौशी मंडळींस नसून लेखणी हातीं धरणाऱ्या प्रत्येकास आहे, हें वेगळें सांगावयास नको.

तो आग्रह असा. घरीं पाहिलेल्या चित्रपटाविषयीं चारचौघांत किंवा छापून कांहीं म्हणावयाचें झाल्यास तीन गोष्टी आधीं सांगाव्या. पहिली, किती पाहिला: संपूर्ण, अर्धा, कीं वीस मिनिटें. दुसरी, कसा पाहिला: मोठ्या पडद्यावर कीं तळहाताएवढ्या, एका बैठकींत कीं तीन दिवसांत, मूळ वेगानें कीं पळवून. तिसरी, आपलें मत कोणत्या दृश्यावर आधारलेलें आहे: एक तरी दृश्य नांव घेऊन दाखवावें. पहिल्या दोहोंस अर्धें वाक्य पुरतें. तिसऱ्यास थोडें आठवावें लागतें. आणि आठवूं गेलें असतां कांहींच आठवत नसेल, तर मत देण्याइतकी सामग्री आपणांपाशीं नाहीं, येवढें तरी प्रत्येकाचें त्यालाच कळून येईल. चित्रपट मध्येंच बंद करण्याचा प्रत्येकास पूर्ण हक्क आहे. आयुष्य थोडें आहे आणि भिकार चित्रपट पुष्कळ आहेत. पण बंद केलेल्या चित्रपटाविषयीं "मीं येथपर्यंत पाहिला व सोडला" असें म्हणावें, "तो असा आहे" असें म्हणूं नये.

या तीन गोष्टी सांगण्याची चाल पडली तर अभिप्राय कमी होतील अशी भीति कोणास वाटत असल्यास ती खरी आहे. ते कमी व्हावे हीच आमची इच्छा आहे. जे उरतील ते वाचणाऱ्याच्या उपयोगीं पडतील, आणि ज्यांनीं चित्रपट केला त्यांनाही त्यांतून कांहीं शिकतां येईल. बाकीच्यांनीं झोप आली तर झोप आली असें सरळ सांगावें. दिवसभराच्या कामानंतर झोप येणें हें पाप नाहीं; मात्र ती चित्रपटामुळेंच आली असें सिद्ध होईपर्यंत संशयाचा फायदा चित्रपटास मिळाला पाहिजे.